नुसता रंग बघून लाँच पकडू नका! घारापुरीसाठी आठवड्याचा हवामान अंदाज कसा वाचायचा?

उरण (प्रतिनिधी) : पावसाळा लागला की आमच्या उरण तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी एकच प्रश्न येतो, "आज लाँच चालू आहे का?" त्याच्या खाली कोणीतरी हवामान खात्याचा रंगीत नकाशा टाकतो. रायगड जिल्हा पिवळा दिसला की "काय नाय, यलोच आहे." केशरी दिसला की "बघून निघा." आणि लाल दिसला की तो नकाशा गावभर फिरतो, कधी कधी कालचाच!

रंग ओळखायला आता आपण सगळे शिकलो. पण त्या रंगाच्या खाली दोन-चार ओळी लिहिलेल्या असतात, त्या कोणी वाचत नाही. जमिनीवरच्या गावाला हे एक वेळ चालून जाईल. बेटावरच्या माणसाला चालत नाही. म्हणून आज घारापुरी समोर ठेवून बघूया, की सात दिवसांचा अंदाज हातात आला तर त्यातून नक्की काय घ्यायचं आणि काय सोडायचं.

घारापुरी बाहेरच्यांना एलिफंटा लेणी म्हणून माहीत आहे. पण तिथे राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत, लोकं राहतात. २०१८ साली समुद्राखालून केबल टाकून बेटावर कायमची वीज आली. लाईट आली, पण रस्ता अजून पाण्याचाच आहे. मोठा दवाखाना, बाजार, कॉलेज, तहसील कचेरी सगळं पलीकडे. गेटवेला जायचं तर लाँचने साधारण एक तास, नाहीतर न्हावा किंवा मोऱ्याकडे. हवा बिघडली की हा रस्ता बंद. घरात बाळंतपणाची बाई असेल, डायलिसिसचा पेशंट असेल, तर "बुधवारी हवा कशी राहील" हा गप्पांचा विषय राहत नाही.

रंग कशाचा असतो?

पहिली गोष्ट. जिल्ह्याच्या नकाशावर जो रंग दिसतो तो बहुतेक वेळा पावसाचा आणि विजेच्या कडकडाटाचा असतो, आणि तो अख्ख्या जिल्ह्याला मिळून एकच असतो. म्हणजे पोलादपूरच्या घाटात जोराचा पाऊस होणार असेल तरी नकाशावर रायगड एकाच रंगाचा दिसतो.

हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. पिवळा म्हणजे "काय नाय" असा अर्थ कुठेच लिहिलेला नाही, तो आपणच लावला.

मी स्वतः याच्यात फसलोय. एका वर्षी ऑक्टोबरमध्ये भात कापायला आला होता. नकाशा पिवळा होता, मी म्हटलं यलोच आहे, घाल विळा. खाली "मेघगर्जनेसह पाऊस" लिहिलं होतं ते वाचलंच नाही. संध्याकाळी चारच्या सुमारास ढग आले आणि कापून पसरलेला भात शेतात भिजला. चूक अंदाजाची नव्हती, वाचणाऱ्याची होती.

मिलिमीटरचा हिशोब

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हवामान खातं २४ तासांच्या पावसाला अशी नावं देतं :

- २.५ ते १५.५ मिमी : हलका
- १५.६ ते ६४.४ मिमी : मध्यम
- ६४.५ ते ११५.५ मिमी : मुसळधार
- ११५.६ ते २०४.४ मिमी : अतिमुसळधार
- त्याच्या वर : अत्यंत मुसळधार

बघा, ६० मिमी पाऊस झाला तरी पुस्तकात तो "मध्यम"च. आपल्याला मात्र अंगणात पाणी साचलेलं दिसतं. तेव्हा "मध्यम" वाचून छत्री घरी ठेवू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. हवामान खात्याचा पावसाचा दिवस रात्री बाराला बदलत नाही. तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. म्हणजे "बुधवारचा" इशारा असेल तर तो गुरुवारच्या पहाटेलाही लागू आहे. गुरुवारी पहाटेची पहिली लाँच पकडणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवा.

"तुरळक ठिकाणी" म्हणजे कुठे?

अंदाजात "तुरळक ठिकाणी मुसळधार" असं वाचून आपण म्हणतो, तुरळक म्हणजे थोडासा. तसं नाही. तुरळक हे ठिकाणांबद्दल आहे, पावसाच्या जोराबद्दल नाही. पाऊस मोजायची जेवढी ठिकाणं आहेत त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी पडणार असेल तर "तुरळक ठिकाणी". पन्नास टक्क्यांपर्यंत "काही ठिकाणी". पंचाहत्तरपर्यंत "बऱ्याच ठिकाणी". आणि त्याच्या वर "बहुतांश ठिकाणी". जिथे पडेल तिथे मात्र पुरता झोडपून काढणार.

२६ जुलै २००५ आठवा. त्या दिवसाच्या नोंदीत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस लागला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३ मिमी. मध्ये अंतर पंचवीस किलोमीटरसुद्धा नाही. कुलाबा तर घारापुरीवरून समोर दिसतं. आता सांगा, जिल्ह्याच्या एका रंगावरून तुमच्या बेटावर नक्की किती पडेल हे कोण सांगणार?

मोबाईलमधल्या ॲपचंही तसंच आहे. ते जमिनीचे आणि समुद्राचे चौकोन पाडून हिशोब करतात. आपल्या देशाने मे २०२५ मध्ये सुरू केलेली "भारत फोरकास्ट सिस्टिम" सहा किलोमीटरच्या चौकोनावर चालते आणि ही मोठी सुधारणा आहे. पण अख्खं घारापुरी बेट एका चौकोनात बसून वर समुद्र उरतो. शेतबंदरला पडेल आणि राजबंदरला नाही, इतकं बारीक कुठलंही ॲप सांगू शकत नाही. ॲपवर "६० टक्के" दिसलं तर त्याचा अर्थ दिवसातला साठ टक्के वेळ पाऊस असाही नाही. अशा हवेच्या दहा दिवसांत साधारण सहा वेळा पाऊस पडतो, इतकाच त्याचा अर्थ.

लाँच पावसाने नाही, वाऱ्याने बंद होते

बेटासाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ ही आहे आणि नेमकी हीच फॉरवर्डमध्ये गळते. पाऊस कितीही पडला तरी समुद्र शांत असेल तर बोट चालते. पाऊस अजिबात नाही, ऊन पडलंय, पण वारा सुटलाय, तर बोट बंद.

हवामान खातं मच्छिमारांसाठी वेगळा इशारा काढतं. त्यात असं लिहिलेलं असतं : "ताशी ४५ ते ५५ किमी वेगाने वारे, झोत ताशी ६५ किमीपर्यंत." यात दोन आकडे आहेत. पहिला वारा सलग किती राहील त्याचा, दुसरा मध्येच येणाऱ्या झोताचा. होडी उलटते ती बहुधा झोताने. म्हणून दुसरा आकडा बघायचा. काही ठिकाणी वेग नॉटमध्ये देतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी, ढोबळ मानाने दुप्पट करा, झालं.

वारा वाढायची चिन्हं असली की बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो. याचा अर्थ बंदराला वादळी वाऱ्याचा धोका आहे. तो लागला की मोरा-भाऊचा धक्का, गेटवे-घारापुरी ही प्रवासी वाहतूक थांबवतात. तेव्हा ग्रुपवर "लाँच चालू का" विचारण्यापेक्षा "बावटा लागला का" हे विचारा. आणि बावटा लागल्यावर "थोडाच वारा आहे, सोडून ये रे" म्हणून ओळखीच्या होडीवाल्याला गळ घालू नका. त्याच्या घरी पण माणसं आहेत.

ऊन पडलेलं असताना लाट कुठून येते?

समुद्राच्या लाटांचा अंदाज हैदराबादची इन्कॉईस ही केंद्र सरकारची संस्था देते. त्यात "लाटांची उंची ३ मीटर" असं लिहिलं असेल तर ती सगळ्यात मोठी लाट समजू नका. त्या वेळच्या मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. मधूनच एखादी लाट जवळपास दुप्पट उंचीची येऊ शकते. हा आकडा उघड्या समुद्राचा असतो. बंदराच्या आत, घारापुरीच्या बाजूला लाट बरीच कमी होते. पण मासेमारीला बाहेर जाणाऱ्याला पूर्ण आकडा लागू.

दुसरं, लाट इथल्याच वाऱ्याने उठते असं नाही. दूर हिंदी महासागरात वादळ झालं तर तिथली लाट दोन-चार दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येऊन पोचते. आकाश निरभ्र, वारा नाही आणि तरी किनाऱ्यावर पाणी आपटतं, ते यामुळे. म्हणून पावसाचा नकाशा हिरवा असला तरी इन्कॉईसचा "उंच लाटांचा इशारा" वेगळा बघावा लागतो.

आमच्याकडचे जुने तांडेल अजून एक सांगतात आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. ओहोटीचं पाणी बाहेर निघतंय आणि समोरून वारा आत येतोय, अशा वेळी लाट उभी राहते. तोच वारा, तीच जागा, पण भरतीला तेवढा त्रास होत नाही. त्यामुळे जायचंच असेल तर दिवसाबरोबर वेळही निवडा.

भरतीचं गणित तिथीवरून

ॲप नसलं तरी चालेल, घरातलं कॅलेंडर पुरे. आपल्या मुंबई-उरण पट्ट्यात तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण म्हणजे ३. दुपारी तीन आणि रात्री तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावस्येला १५ धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतं. ओहोटी त्याच्या साधारण सहा तासांनी. भरती दररोज पाऊण तासाच्या वर पुढे सरकते.

पौर्णिमा-अमावस्या आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी हलतं. उधाणाच्या ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्याजवळ गाळ उघडा पडतो आणि बोट लागायला त्रास होतो. म्हणजे हवा चांगली, बावटा नाही, तरी तुम्ही धक्क्यावर ताटकळत!

शेतकऱ्यांसाठी तर हे अजून महत्त्वाचं. आपली खाडीकाठची शेती बांधाच्या आत आहे. पावसाचं पाणी उघाडीतून खाडीत जातं, पण बाहेर भरती असली की उघाडी बंद राहते. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला तर पाणी जायला जागाच नाही. पाऊस किती पडला याच्याइतकंच तो कुठल्या वेळेला पडला हे बघायचं ते यासाठी. बांधाला भगदाड असेल तर उधाणाआधी बुजवा, नंतर खारं पाणी शेतात शिरलं की ते वर्ष गेलं.

सात दिवस सारखे नसतात

सात दिवसांचा तक्ता दिसायला एकसारखा दिसतो, सगळे चौकोन सारखेच. पण भरवसा सारखा नाही. आज आणि उद्याच्या अंदाजावर काम ठरवा. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या अंदाजावर तयारी करा. सहावा-सातवा दिवस नुसता कल समजा, पाऊस वाढतोय की ओसरतोय एवढाच. त्याच्यावर लग्नाची वऱ्हाडं ठरवू नका. हवामान खातं दररोज नवा अंदाज काढतं, तेव्हा कालचा नकाशा आज फेकून द्या. पुढच्या काही आठवड्यांचा ढोबळ कल दर गुरुवारी निघतो.

निसर्ग चक्रीवादळ आठवतं ना? ३१ मे २०२०, रविवार, तेव्हा अरबी समुद्रात फक्त कमी दाबाचं क्षेत्र होतं. मंगळवारी दुपारी त्याचं चक्रीवादळ होऊन नाव मिळालं. बुधवारी ३ जूनला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलं, वारा ताशी ११० ते १२० किमी. तीन दिवसांत सगळं घडलं. रविवारचा अंदाज वाचून जो बुधवारपर्यंत गप्प बसला असता त्याचं काय झालं असतं?

एक नमुना आठवडा वाचून बघू

खालचा अंदाज खरा नाही, फक्त समजावण्यासाठी घेतलाय. समजा ऑगस्टचा पहिला आठवडा आहे. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी नुकतीच उठलीय, सगळ्यांना बोटी बाहेर काढायची घाई आहे. सोमवारी हातात असा अंदाज आला :

- सोमवार, मंगळवार : पिवळा. तुरळक ठिकाणी मुसळधार. वारा ताशी ३० ते ४० किमी.
- बुधवार, गुरुवार : केशरी. काही ठिकाणी मुसळधार, तुरळक ठिकाणी अतिमुसळधार. वारा ४५ ते ५५, झोत ६५ किमी. मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये. गुरुवारी अमावस्या.
- शुक्रवार : पिवळा. वारा कमी.
- शनिवार, रविवार : हलका ते मध्यम पाऊस, इशारा नाही.

नुसता रंग बघणारा म्हणेल, बुधवार-गुरुवार सोडून सगळं मोकळं. आता ओळी वाचू.

बुधवारी-गुरुवारी बावटा लागण्याची दाट शक्यता. म्हणजे बेटावरचा पेशंट, दिवस भरत आलेली बाई, यांना मंगळवारी दुपारच्या आत पलीकडे नातेवाइकांकडे न्यायचं. औषधं, रेशन, गॅस, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था तीन दिवसांची. मोबाईल आणि बॅटरी चार्ज करून ठेवायची.

गुरुवारी अमावस्या, म्हणजे सकाळी अकरा-बाराच्या सुमारास उधाणाची भरती. त्याच वेळेला पाऊस धरला तर खाडीकाठच्या शेतात पाणी तुंबणार. मंगळवारीच उघाडीतला कचरा, गवत काढून ठेवा. भाताला युरियाचा दुसरा हप्ता द्यायचा असेल तर थांबा, बुधवारच्या पावसात सगळा वाहून जाईल. फवारणी पण पुढे ढकला.

शुक्रवारी रंग उतरला, वारा पडला. पण समुद्र रंगाबरोबर उतरत नाही. दोन दिवस घुसळलेल्या पाण्याची लाट अजून चालूच असते आणि अमावस्येनंतरचं उधाणही आहे. त्यामुळे छोट्या होडीने शुक्रवारी घाई करू नये. इन्कॉईसचा लाटेचा आकडा खाली आला की मग बघा.

शनिवार-रविवारचा अंदाज सोमवारी वाचून पर्यटक येतील म्हणून दुकानात माल भरू नका. गुरुवारी संध्याकाळी पुन्हा बघा, मग ठरवा.

आणि मंगळवारी दुपारी नवा अंदाज आला की हे सगळं परत एकदा वाचा. जोर एक दिवस पुढे-मागे होणं नेहमीचं आहे.

कुठे बघायचं?

हवामान खात्याचं "मौसम" ॲप, विजेसाठी "दामिनी", शेतीसाठी "मेघदूत". शेतीचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशाराही हवामान खातं देतं. निघायच्या अर्धा तास आधी तो बघायची सवय लावा. फॉरवर्ड आलेल्या नकाशावर आधी तारीख बघा, तारीख नसेल तर पुढे पाठवू नका. अडचण आली तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, समुद्रात असाल तर तटरक्षक दल १५५४. हे दोन नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करा, रेंज गेल्यावर शोधत बसू नका.

ग्रुपवर उद्या सकाळी कोणी रंगीत नकाशा टाकला तर त्याला एवढंच विचारा : वारा किती, झोत किती, भरती कधी आणि अंदाज कोणत्या तारखेचा? चारही उत्तरं मिळाली तरच पिशवी उचला आणि धक्क्याकडे निघा.